वाचकांचे प्रश्न : शेवटच्या संकेतातील शब्दखेळ

प्रश्न : 'जेपर्डी' हा अमेरिकी प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम मी नियमितपणे पाहते. अखेरच्या फेरीतील संकेत शब्दखेळावर बेतलेला असला की माझी हमखास फसगत होते आणि उत्तर जाहीर झाल्यावर कळते की लागणारी सर्व माहिती मला होतीच. आमच्या मित्रमंडळींचे मत असे की असा संकेत अन्यायाचा असतो, कारण त्यात ज्ञानापेक्षा नशीब अधिक लागते. हे खरे आहे का? आणि अवघ्या तीस सेकंदांत तो सोडवायचा कसा?

उत्तर : आपल्या मित्रमंडळींशी मी सहमत नाही. चांगल्या संकेतातील शब्दखेळ उत्तर लपवण्यासाठी योजलेला नसतो. ज्या उत्तराकडे माहितीच्या वाटेने पोहोचता येते, त्याच उत्तराची शब्दांच्या वाटेने खातरजमा करता यावी, यासाठी तो असतो. अन्याय तेव्हाच होतो जेव्हा दोन वेगळी उत्तरे तितकीच योग्य ठरतात.

भाषेशी खेळणे या कार्यक्रमाच्या मूळ रचनेतच आहे. मर्व्ह ग्रिफिन यांनी तो 1964 मध्ये एनबीसी वाहिनीवर आणला. स्पर्धकाला उत्तर सांगावे आणि त्याने प्रश्न ओळखावा, ही कल्पना त्यांच्या पत्नी जुलॅन यांनी सुचवली होती. '5,280' असे म्हटले की 'एका मैलात किती फूट असतात?' असे म्हणायचे, हे त्यांनी दिलेले उदाहरण. त्यामुळे या खेळात संकेत हे नेहमीच एक विधान असते, आणि विधानातील कोणता शब्द आपल्याला काही विचारतो आहे हे स्पर्धकालाच शोधावे लागते. अखेरच्या फेरीत आधी केवळ विषयाचे शीर्षक दाखवतात, त्यावर प्रत्येकाने तोवर जमवलेल्या डॉलरमधून पैज लावायची (उत्तर बरोबर आले तर तेवढी रक्कम वाढते, चुकले तर वजा होते), मग संकेत उघड होतो आणि ग्रिफिन यांनीच रचलेली ती सुप्रसिद्ध धून तीस सेकंद वाजते. तेवढ्यात उत्तर प्रश्नरूपाने लिहून व्हावे लागते.

सोडवण्याच्या रीतीसाठी मी स्वतः रचलेला एक संकेत देतो. शीर्षक 'देश आणि राजधान्या' असे समजावे. संकेत असा : 'या देशाच्या राजधानीच्या नावातील चार इंग्रजी अक्षरांचा क्रम बदलला की आफ्रिकेतील एका देशाचे नाव तयार होते.' बहुतेक जण लगेच चार अक्षरांच्या राजधान्या आठवू लागतात. रोम, ओस्लो, दोहा, बाकू, सुवा, रिगा, बर्न अशी ती यादी लांबत जाते, प्रत्येक नावाची अक्षरे मनात फिरवून पाहावी लागतात आणि वेळ संपतो. संकेताच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली तर चित्र एकदम पालटते. आफ्रिकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार अक्षरांचे देश तीनच आहेत : चाड, टोगो आणि माली. चाड आणि टोगो यांच्या अक्षरांतून कोणतीही राजधानी जुळत नाही, मालीच्या अक्षरांतून मात्र लिमा तयार होते. एका संकेतात दोन अज्ञात गोष्टी असतील, तर ज्या गोष्टीचे पर्याय कमी तिच्यापासून निघावे, ही या कामातली सर्वांत उपयोगी सवय आहे.

परंतु खरी फसगत यानंतर होते. लिमा सापडल्याच्या आनंदात कित्येक जण 'लिमा' असे लिहून मोकळे होतात आणि काही जण तर 'माली' लिहितात. संकेताची सुरुवात 'या देशाच्या' अशी आहे, म्हणजे विचारला आहे तो देश, आणि तो पेरू. जेपर्डीच्या संकेतांत 'हा', 'ही', 'हे', 'या' हे शब्द जवळजवळ नेहमीच अपेक्षित उत्तराला चिकटलेले असतात. म्हणून संकेत पडद्यावर येताच प्रथम तो शब्द शोधावा आणि त्याच्या पुढचे नाम मनात पक्के धरून ठेवावे. शब्दखेळ असलेल्या संकेतात हे दुप्पट महत्त्वाचे ठरते, कारण कोडे सुटल्याचा क्षण आणि उत्तर मिळाल्याचा क्षण तेथे वेगवेगळे असतात. आपण वर्णन केलेला अनुभव, म्हणजे सारे ठाऊक असूनही चुकणे, बहुतेक वेळा याच दोन क्षणांच्या मध्ये घडतो असे मला वाटते.

निव्वळ अक्षरांच्या उलटापालटीपेक्षा मला ते संकेत अधिक मोलाचे वाटतात ज्यांत एखाद्या शब्दाचे दोन्ही अर्थ खरे असतात. 3 जून 2019 रोजी प्रसारित झालेल्या भागातील अखेरचा संकेत असा होता : शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' नाटकातील 'अ ग्रेट रेकनिंग इन अ लिटल रूम' ही ओळ या लेखकाच्या अकाली मृत्यूला उद्देशून असल्याचे सहसा मानले जाते. उत्तर होते शेक्सपिअरचा समकालीन नाटककार क्रिस्टोफर मार्लो. मार्लो 1593 मध्ये डेप्टफर्ड येथे एका घरातील खोलीत भोसकला गेला आणि मृत्यूच्या चौकशीत भांडणाचे कारण नोंदवले गेले ते खाण्यापिण्याच्या बिलाचे. 'रेकनिंग' म्हणजे बिलाचा आकडा, आणि कर्मांचा अखेरचा हिशेबही. ज्याला मार्लोच्या मृत्यूची कथा माहीत आहे त्याला ओळीतील श्लेष उलगडतो. ज्याला ती नीट आठवत नाही त्यालाही 'अकाली मृत्यू' आणि शेक्सपिअरचा काळ एवढ्यावरून मार्लोपर्यंत जाता येते. त्या दिवशी तिन्ही स्पर्धकांचे उत्तर बरोबर आले. दोन्ही वाटा एकाच दाराशी नेणारा संकेत असा असतो, आणि त्याच्या रचनाकाराविषयी मला मनापासून आदर वाटतो.

संकेतातील एकही विशेषण फुकट नसते, याचे उदाहरण म्हणून केन जेनिंग्ज यांचा पराभव पाहावा. 2004 मध्ये सलग 74 सामने जिंकल्यानंतर ते ज्या संकेतावर हरले त्याचा आशय असा होता : या कंपनीच्या सत्तर हजार हंगामी, पांढरपेशा कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातून चारच महिने काम करतात. जेनिंग्ज यांनी फेडएक्स असे लिहिले, योग्य उत्तर होते करविवरणे भरून देणारी एच अँड आर ब्लॉक. 'हंगामी' या शब्दाने मन नाताळच्या पार्सलांकडे धावणे स्वाभाविक आहे. मात्र 'पांढरपेशा' हा शब्द सामान पोहोचवणाऱ्यांना लागू पडत नाही आणि 'चार महिने' हा काळ नाताळच्या गर्दीच्या काळापेक्षा फार मोठा आहे, तर अमेरिकेतील कर भरण्याच्या मोसमाशी तो बरोबर जुळतो. उत्तर सुचल्यावर उरलेले सेकंद याच पडताळणीसाठी वापरावेत : प्रत्येक शब्द आपल्या उत्तराला लावून पाहावा आणि एखादा शब्द अडला तर उत्तरावरच संशय घ्यावा.

शीर्षकाकडे दुर्लक्ष करणेही असेच महाग पडते. 2011 मध्ये आयबीएमचा वॉटसन हा संगणक स्पर्धेत उतरला असता 'अमेरिकेतील शहरे' या शीर्षकाखाली विचारण्यात आले की कोणत्या शहराच्या सर्वांत मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातील वीराचे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्याच युद्धातील लढाईचे नाव आहे. दोन्ही मानवी स्पर्धकांनी शिकागो लिहिले, कारण तेथील विमानतळ ओ'हेअर आणि मिडवे हे आहेत. वॉटसनने टोरोंटो लिहिले, जे कॅनडात आहे. शिकागोत रोज 'मिडवे' म्हणणाऱ्याच्या मनात 1942 ची लढाई येईलच असे नाही, 'अर्धी वाट' हा साधा अर्थ तेथे इतका सहज बसतो. अशा झाकल्या गेलेल्या नावांवर संकेत रचणाऱ्यांचे बारीक लक्ष असते.

प्रश्न : लिहिलेल्या उत्तरात स्पेलिंग चुकले तर ते बाद होते का?

उत्तर : सहसा होत नाही, उच्चार तोच राहिला की झाले. पण जास्तीचे अक्षर उच्चार बदलत असेल तर उत्तर नाकारले जाते. 2013 मध्ये एका शाळकरी स्पर्धकाने 'इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन' लिहिताना पहिल्या शब्दात एक जादा 'टी' घातला आणि त्याचे उत्तर चूक ठरले. त्यावर बरीच टीका झाली. मला तो निर्णय नियमाला धरून वाटतो, तरी मुलाविषयी वाईट वाटतेच. शीर्षकाची अटच अक्षरांविषयी असेल, तर अर्थातच स्पेलिंगला पूर्ण महत्त्व येते.

प्रश्न : शीर्षकावरून शब्दखेळ येणार असे दिसले तर पैज कमी लावावी का?

उत्तर : शीर्षकाची भीती किंवा आवड यांपेक्षा समोरच्यांच्या रकमांना अधिक वजन द्यावे. आघाडीवरील स्पर्धकाने दुसऱ्याच्या दुप्पट रकमेच्या एक डॉलर पुढे जाईल इतकी पैज लावणे ही रूढ रीत आहे. वर सांगितलेल्या पराभवाच्या सामन्यात जेनिंग्ज यांच्याकडे 14,400 आणि त्यांना हरवणाऱ्या नॅन्सी झर्ग यांच्याकडे 10,000 डॉलर होते, म्हणून जेनिंग्ज यांनी 5,601 डॉलर लावले. दुसऱ्या क्रमांकावरील स्पर्धकाचे गणित याहून सूक्ष्म असते. मार्लोच्या त्याच सामन्यात 32 सामने जिंकलेले जेम्स होल्झहॉवर 23,400 डॉलरवर होते, पुढे एमा बोएचर 26,600 वर आणि मागे तिसरा स्पर्धक 11,000 वर. होल्झहॉवर यांनी केवळ 1,399 डॉलर लावले तेव्हा पाहणाऱ्यांना ते कच खाल्ल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात उत्तर चुकले असते तरी त्यांच्याकडे 22,001 डॉलर राहिले असते, म्हणजे तिसऱ्याच्या दुप्पट रकमेहून एक डॉलर अधिक. बोएचर यांनी रूढ रीतीने 20,201 डॉलर लावल्यास आणि त्यांचे उत्तर चुकल्यास सामना होल्झहॉवर यांचाच होता. बोएचर यांनी नेमके तेवढेच लावले, उत्तर बरोबर लिहिले आणि 46,801 डॉलरसह त्या जिंकल्या.