ज्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला त्यांचंच पाप उघडं पडलं. आता देवाच्या सामर्थ्यावर भरवसा कसा ठेवू?

तुमचा बाप्तिस्मा खरा आहे. हे आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त दुखतंय ते तिथंच. तुम्ही लिहिलंय की ज्या पाळकांच्या हातून एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्यांनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशांत अफरातफर केली हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. देवात सामर्थ्य आहे तर त्यानं आपल्याच सेवकाला आवरलं का नाही, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मी सोलापूरचा. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतही असंच झालं. छप्पर दुरुस्तीसाठी लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे होते ते. मी तेव्हा पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, होतो. वर्षाअखेरीला हिशोबाचं रजिस्टर पुढं आलं आणि उपासना सुटल्यावर, पायात चपला सरकवता सरकवता, मी सही करून मोकळा झालो. पावत्या मागितल्या नाहीत. पाळकसाहेबांकडं पावत्या कशा मागायच्या, असं वाटलं. त्या संकोचालाच मी विश्वास समजत होतो.

प्रकरण बाहेर आल्यावर चार महिने मी चर्चची पायरी चढलो नाही. आई मात्र जायची. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यावर हात दाबून रिक्षात चढायची. एका रात्री मी तिच्यावरच चिडलो. म्हटलं, इतकी वर्षं त्या माणसाच्या हातून प्रभुभोजन घेतलंस, तुला काहीच वाटत नाही?

तीन वाजले होते, नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात उजनी धरणाचं पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, म्हणून ते आलं की सगळी गल्ली जागी होते. आमच्या बोळातला पाइप जुना आहे. सुरुवातीला लालसर, गंजाचा वास असलेलं पाणी येतं. आई ते मोरीत सोडून देते, मग ओंजळीत थोडं घेऊन बल्बखाली धरते, वास घेते आणि मगच घागर लावते. तशीच ओंजळ धरून ती म्हणाली, "पाइप सडला म्हणून उजनी सडली काय रे?" आणि घागर भरत आली तेव्हा म्हणाली, "पाइप बदला म्हणून बोळातल्या सगळ्यांनी अर्ज दिला न्हवं? मग तिकडंबी द्या की."

आईला ऑगस्टीन हे नावही ठाऊक नव्हतं. पण हिप्पोच्या त्या बिशपनं (३५४–४३०) सोळाशे वर्षांपूर्वी जवळपास हाच दाखला दिला होता. इसवी सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांची शास्त्रं जाळायचा हुकूम काढला. जिवाच्या भीतीनं काही धर्माधिकाऱ्यांनी पोथ्या शिपायांच्या हवाली केल्या. छळ थांबल्यावर उत्तर आफ्रिकेत एक मोठा गट म्हणू लागला की असल्या हातांनी दिलेला बाप्तिस्मा फुकट, पुन्हा घ्या. तुमचाच प्रश्न होता तो. ऑगस्टीननं सांगितलं की दगडी पाटातून पाणी वाफ्यांकडं जातं; पाटात काही उगवत नाही, वाफे मात्र फुलतात. बाप्तिस्मा येशूचा शिष्य पेत्र यानं दिला तरी देणारा ख्रिस्तच, येशूला धरून देणाऱ्या यहूदानं दिला तरी ख्रिस्तच.

आता बायबलमधल्या गणना पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. कितीही थकला असाल तरी काढा, कारण मला उभं केलं ते या अध्यायानं. रानातल्या कादेशात पाणी नव्हतं, इस्राएल लोक कटकट करत होते. देवानं त्यांचा पुढारी मोशे याला सांगितलं, खडकाशी बोल. मोशे इतका वैतागला होता की त्यानं लोकांना बंडखोर म्हटलं, आम्ही तुमच्यासाठी खडकातून पाणी काढायचं काय, असं विचारलं आणि काठी खडकावर दोनदा हाणली. देवाचं नाव बाजूला राहिलं, "आम्ही" पुढं आलं.

तरीही पाणी आलं, आणि थेंबथेंब नाही, भरपूर आलं. माणसं प्याली, गुरंढोरं प्याली. मोशे चुकला म्हणून देवानं कुणा तहानलेल्या लेकराला कोरडं ठेवलं नाही. तुम्ही पाण्यात उतरलात त्या दिवशी देणारा हाच देव होता.

पण त्याच अध्यायात मोशेला आणि त्याचा भाऊ अहरोन याला सांगितलं गेलं की वचनदत्त देशात या लोकांना तुम्ही नेणार नाही. पाणी आलं म्हणून चूक माफ झाली, असं झालं नाही. आमच्याकडं प्रकरण दाबणारे "देव बघून घेईल, आपण कोण न्याय करणारे" एवढंच म्हणत राहिले. हे मला अजूनही सहन होत नाही. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघातिघांच्या साक्षीनं तपासावा आणि पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांदेखत दोष द्यावा, असं प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात स्पष्ट लिहिलंय. मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणं हिशोब ठेवणं आणि ते तपासून घेणं तिला बंधनकारक आहे. कुणी दाद देत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडं जाता येतं. तसं जाण्यात देवावरचा अविश्वास नाही.

देवानं त्यांना आवरलं का नाही, हे मीही विचारत होतो. सामर्थ्य म्हणजे हात धरून अडवणं, असंच मला वाटायचं. येशूला धरून नेल्यावर पेत्र आपली ओळखच नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, तरी त्यानं त्याचं तोंड दाबलं नाही. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, एवढं म्हणाला. योहान आपल्या शुभवर्तमानात एक बारीक गोष्ट सांगतो. मुख्य याजकाच्या अंगणात पेत्र ज्याच्यापाशी शेकत प्रभूला नाकारतो, तो कोळशाचा विस्तव होता. आणि पुनरुत्थानानंतर समुद्राच्या काठावर येशू मासे भाजतो, तोही कोळशाच्या विस्तवावर. त्या धुराचा वास पेत्राच्या नाकात गेला असेल तेव्हा त्याच्या मनाचं काय झालं असेल! तिथंच येशूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तीनदा कळप हाती दिला. एवढं होऊनही पुढं अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीनं हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं. पेत्राच्या पक्केपणावर उभी असती तर मंडळी तिथंच मोडली असती.

पाचव्या महिन्यात मी आईबरोबर गेलो. उपासनेनंतर उभा राहून सांगितलं की सही माझी होती आणि मी पावत्या पाहिल्या नव्हत्या. कुणी काही बोललं नाही. दोन रविवारांनी एका वृद्ध पंचांनी दानाची थैली माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, मोजायला बसा. आता दर रविवारी आम्ही तिघं मोजतो, आकडा तिथंच फळ्यावर लिहितो आणि पावत्यांची फाइल दाराजवळच्या टेबलावर उघडी असते.