दसऱ्याला नागपूर : भाषणं ऐकायची कुठं?

प्रश्न : पोरगी नागपूर विद्यापीठात एमए करते. ती म्हणते बाबा दसऱ्याले या, भाषणं ऐकू, पुस्तकं घेऊ. पण इकडं सोयाबीन सोंगणीवर आलेलं, मजूर भेटत नाही. एकाच दिवसात काय काय होते सांगा ना भाऊ.
– एक शेतकरी वाचक, राळेगाव तालुका

उत्तर : दादा, एकच दिवस असंल तर दीक्षाभूमीच धरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे त्या वर्षीच्या दसऱ्याले, बाबासाहेबांनी तिथंच धम्मदीक्षा घेतली, म्हणून दरवर्षी लाखो लोकं येतात अन् संध्याकाळच्या मुख्य सोहळ्यात भाषणं होतात. पण खरं सांगू का, मले तर पुस्तकांचे स्टॉल जास्त आवडतात, रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून ढीगच्या ढीग, कोणी बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून संविधानाची प्रत घेऊन राह्यली असते, भाव करत नाही. पिशवी मजबूत न्या, पुस्तकं जड होतात. त्या दिवशी गाडीत पाय ठेवाले जागा नसते, सकाळची पहिली एसटी धरा अन् परतीचं आधीच पाहून ठेवा. स्तूपाच्या आत जायची लाईन लई मोठी असते, ते मग कधी बिनगर्दीच्या दिवशी करा.

शांत व्याख्यानच ऐकायचं असंल तर दसरा सोडा. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ चा, विद्यापीठाच्याच वयाचा. पोरीले कार्यक्रम पाहाले लावा, सोंगणी झाली का जा.