मोटर बंद असतानाही टाकी का वाहते?

प्रश्न : आमच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी असून तिच्या खालच्या पातळीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर आहे. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. ते हौदात साठवून मोटरने वर चढवतो. न्हाणीघराचे काम केले तेव्हा शॉवरला जोर यावा म्हणून थंड पाण्याच्या लाइनवर, थेट हौदातून पाणी घेणारा प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून मोटर बंद असतानाही टाकीच्या ओव्हरफ्लोमधून पाणी वाहते आणि सोलरचे पाणीही लवकर गार होते. फ्लोट व्हॉल्व्ह बदलून झाला. आता प्लंबर सोलरचा व्हेंट पाइप बंद करण्यास सुचवतो आहे. तसे करावे का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : व्हेंट पाइप कृपया बंद करू नये. तापलेल्या पाण्याची वाफ आणि हवा त्यातूनच बाहेर पडते, आणि घरगुती सोलरची साधी टाकी आतला दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

फ्लोट व्हॉल्व्हचा येथे संबंध नसावा, कारण तो मोटरने चढणारे पाणी अडवतो आणि आपली मोटर तर बंद असते. पाणी तापल्यावर फुगते हे खरे. परंतु २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले तरी वाढ जेमतेम तीन लिटरांची होते, तेवढ्याने टाकी धो धो वाहणार नाही. माझा संशय न्हाणीघरातल्या मिक्सरवर, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळावर आहे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक बार दाब देतो. म्हणजे गच्चीवरची टाकी नळापासून तीन-चार मीटर उंच असेल, तर गरम पाण्याच्या लाइनमध्ये ०.३ ते ०.४ बारच दाब असतो. प्रेशर पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो. मिक्सरचे कार्ट्रिज (आतला, पाणी सोडणारा-अडवणारा भाग) झिजले असेल, किंवा दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँडशॉवर नुसता त्याच्या खटक्याने बंद केला जात असेल, तर हौदातले थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरते, सोलरच्या टाकीतून उलटे जाऊन थंड पाण्याच्या जोडणीने वरच्या टाकीत चढते आणि ओव्हरफ्लोने बाहेर पडते. सोलरचे पाणी गार होते तेही यामुळेच. (पंप वरच्याच टाकीतून पाणी घेत असता तर तेच पाणी गोल फिरले असते, टाकी वाहिली नसती आणि दोष बराच काळ लपून राहिला असता.)

खात्री करणे सोपे आहे. ओव्हरफ्लो चालू असताना प्रेशर पंप बंद करावा. धार थोड्या वेळात थांबली, तर दिशा बरोबर आहे. मग पंप चालू करून प्रत्येक मिक्सरकडे जाणारा थंड पाण्याचा स्टॉपकॉक पाळीपाळीने बंद करत जावे. जो बंद केल्यावर वाहणे थांबेल, तो मिक्सर दोषी. गिझरला जोडलेली लाइन आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तपासायला विसरू नये, लोक नेमके तेच विसरतात.

दोषी कार्ट्रिज बदलावे आणि मिक्सरच्या आधी, गरम व थंड या दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा. तो फक्त सोलरच्या थंड पाण्याच्या जोडणीवर बसवला तर वरची टाकी वाहायची थांबेल खरी, पण तेच पाणी व्हेंटमधून उसळून गच्चीवर पडेल. बोअरिंगचे पाणीही वापरत असाल तर आपल्याकडच्या काळ्या खडकातले ते पाणी जड असते आणि त्याचा क्षार व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचला की तो नीट मिटत नाही; म्हणून वर्षातून एकदा उघडून साफ करावा.

याहून पक्का उपाय म्हणजे थंड पाण्याची लाइन पुन्हा वरच्या टाकीवरच घ्यावी, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा राहील. शॉवरचा जोर कमी होईल, पण माझे मत याच बाजूचे आहे. जोर हवाच असेल, तर सोलरच्या अलीकडे पंप कदापि लावू नये. गरम पाण्याला चालणारा वेगळा लहान पंप सोलरच्या पुढच्या लाइनवर बसवता येतो, मात्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तेव्हाही लागतीलच.