पत्रात तुमची मुलगी कुठे आहे?

स. न. वि. वि.

आपले चार पानी पत्र दोनदा वाचले. पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी आपली मुलगी चौथ्या वर्षी संशोधन सोडून विद्यापीठातील समानता आणि समावेशनाच्या कामाकडे वळू पाहते, आणि ‘हे खूळ तिच्या डोक्यातून काढा’ अशी आपली विनंती आहे. सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या शेजाऱ्यांना काय सांगायचे, ‘मुलगी शास्त्रज्ञ होणार’ असे ज्या स्थळांना कळवले त्यांचे काय, आजवर खर्च किती झाला, हे सारे पत्रात आहे. तिला हे का करावेसे वाटते यावर मात्र एकच ओळ आहे, तीही कंसात: एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक करता यावे म्हणून तिने ‘सहा महिने वाया घालवले’.

त्या ओळीपुढे मला लवकर जाता आले नाही. तिने नेमके काय केले हे आपण लिहिलेले नाही. बहुधा विचारलेही नसावे. दट्ट्यावर ठरावीक मापाला खाचा पाडलेली सिरिंज किंवा तापमान बोलून सांगणारा तापमापक, अशी साधने असतात. पण कोणत्या प्रयोगात ती चालतील, आम्ल कुठे सांडेल, कोणती पायरी स्पर्शाने किंवा वासाने कळेल, हे ज्याने स्वतः ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडण्याची खुणा असलेली काचनळी, हाताळली आहे त्यालाच ठरवता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याने हक्क दिला, ब्युरेट कशी वाचावी हे तो सांगत नाही.

‘विज्ञान सोडून समाजसेवा’ हा आपला शब्दप्रयोग म्हणूनच मला चुकीचा वाटतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘अथेना स्वान’ ही व्यवस्था आहे: किती स्त्रियांनी अर्ज केले, किती नेमल्या गेल्या, किती जणींना बढती मिळाली आणि गळती कोणत्या टप्प्यावर झाली, हे विभागांना आकड्यांनिशी मांडून सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने त्याच धर्तीवर २०२० मध्ये ‘गती’ हा उपक्रम सुरू केला. मनाजोगते नसलेले आकडेही न लपवता वाचण्याची सवय या कामाचा कणा आहे, आणि ती प्रयोगशाळेतच लागते.

आता चार शब्द तिच्यासाठी. ते तिला वाचायला द्यावेत. प्रबंध अर्धवट सोडू नकोस. आपल्याकडे अशी पूर्णवेळ पदे फार थोडी आहेत आणि हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीनेही विद्यापीठातील भेदभावविरोधी अधिकारी प्राध्यापक दर्जाचा असावा असे म्हटले. पदवी नसेल तर त्या खुर्चीपर्यंत पोहोचताच येणार नाही. नेट किंवा सेट ही अध्यापनासाठीची पात्रता परीक्षाही दे. तोवर स्वतःच्या संस्थेतील समान संधी कक्षात काम माग, आणि सुट्टीत घरी आलीस की तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एक दिवस घालव. सोलापूरहून तासाभराची वाट आहे.

स्थळांविषयी आपण माझे मत विचारलेले नाही, म्हणून देत नाही. आज रात्री तिला फोन मात्र करावा, आणि त्या मुलाचे प्रात्यक्षिक अखेर झाले का, एवढेच विचारावे.