विसरायची गोळी मिळते का?

प्रश्न: आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. मागच्या मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना वहिनीच्या डोळ्यासमोर वाघानं सोबतच्या बाईला ओढून नेलं. वहिनीला खरचटलंपण नाही, पण आता पाला वाजला तरी हातपाय गार पडतात, रात्री दचकून उठते, वावरात तर जातच नाही. सासू म्हणते बाहेरचं लागलं, भाऊ म्हणतो विसरायची गोळी आणू. असं औषध असतं का?

उत्तर: नसतं ताई, आणि बाहेरचंही काही नाही. वाघ दिसला त्या क्षणी मेंदूत नॉरअॅड्रेनालिन हे सावध करणारं रसायन उसळतं आणि अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग सगळंच पक्कं धरून ठेवतो, वाघ तर धरतोच पण पाल्याचा आवाज, ऊन, हातातला पुडा हेही धोका म्हणूनच बसतं. एरवी कपाळामागचा भाग त्याला आवरतो, की बाई वारा आहे तो. महिन्याच्या वर हे असंच चाललं तर पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजाराची, शंका घ्यायची, आणि त्यात हाच आवर कमी पडतो.

पुसायचा प्रयत्न झालाय बरं का. २००० साली न्यूयॉर्कमध्ये नाडर, लेडू वगैरे शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं की जुनी भीती जागी केली की ती थोडा वेळ कच्ची होते, परत पक्की व्हायला नवं प्रथिन लागतं, ते अडवलं की उंदीर घाबरायचे कमी होतात. माणसांत प्रोप्रॅनोलॉल ही बीपीची गोळी देऊन पाहिली, पण निकाल कधी असे कधी तसे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

उपयोग होतो तो समुपदेशकासोबत हळूहळू सामोरं जाण्याचा. त्यात जुनी आठवण जात नाही, पाला वाजला अन् काहीच झालं नाही अशी दुसरी आठवण तिच्यावर बसते. सोबत डॉक्टर सर्ट्रालिनसारखी उदासी-भीतीवरची गोळी देतात, तिला गुण यायला काही आठवडे लागतात. मेडिकलातून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका.

आता तुमच्याकडे वाघ खराच आहे, म्हणून वहिनीला निडर करायचंच नाही. अंगणातला पाला आणि जंगलातला पाला यातला फरक मेंदूला परत कळला तरी पुष्कळ झालं. "चल, काही होत नाही" म्हणत तिला ओढत नेऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तिथं लावा, मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरला दाखवा, आणि सासूबाईंनाही सोबत न्या.