पद्मिनीची बॅटरी वायर बदलताय? आधी अर्थिंग बघा

1984 ची प्रीमियर पद्मिनी गाडी, बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरचं रबर तडकलेलं, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की घुरघुरून बसतो आणि गॅरेजवाला म्हणतो नवी बॅटरी घाला. तुमची पोस्ट वाचून वाटलं, माझंच रडगाणं कुणीतरी लिहिलंय. माझी 1986 ची.

वायर कशी सोडवायची ते तुम्हाला ठाऊक असणारच. एवढंच सांगतो, अर्थची बाजू आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. (जुनी मॉरिस मायनर असणाऱ्यांनी खात्री करून घ्या, तिथे पॉझिटिव्ह अर्थ असायचा.) अंगठी, कडं काढून ठेवा. या जाड वायरीला मध्ये फ्यूज नसतो, पाना चुकून बॉडीला टेकला तर जागेवर वितळतो.

आता माझा गाढवपणा. मी पॉझिटिव्ह वायर बदलली, बॅटरी नवी आणली, सेल्फ उतरवून दुरुस्त करून आणला. तरी घुरघुर तीच. एका रविवारी चिडून लागोपाठ पाच-सहा वेळा सेल्फ मारला तर डॅशबोर्डखालून जळका वास यायला लागला. चोक आत ढकलायला गेलो आणि बोट भाजलं! चोकच्या केबलचं वेष्टन वितळून खाली लोंबत होतं.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिनपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. वर्षभरापूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलेल्या महाशयांनी ती ताज्या रंगावरच आवळली होती. सेल्फला 100 अँपिअरच्या वर करंट लागतो. रंगामुळे पट्टीतून वाट मिळेना, मग तो इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत जाणाऱ्या चोकच्या केबलमधून गेला. जाब विचारला तर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे साहेब, असं व्हायचंच." पैसे घेताना मात्र गाडी व्हिंटेज होती.

तेव्हा खर्चाआधी हे करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, कॉइलची वायर काढलेली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष अर्थिंगमध्ये. पट्टीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

वायर किमान 25 स्क्वेअर एमएमची, अस्सल तांब्याची. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, दाबायच्या मशीननेच बसवून घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करा. नुसता डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड मला पटत नाही, तापला की सैल होतो. माझं मत हो, काही जुने वायरमन भांडतील. मी बँकेतला माणूस, मेकॅनिक नव्हे. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर कड वायर कापते.

गाडी महिनामहिना उभी राहत असेल तर निगेटिव्हवर कटऑफ स्विच टाका, पण चांगला जाड, ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले तापतात. मल्टिमीटरचा आकडा इथे टाका, मग बॅटरीचं बघू.