'विशेष निवाडा' की मुद्देवार कौल?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या व्यापारी गुपिताच्या खटल्याच्या बातमीत 'ज्यूरीचा विशेष निवाडा' असं वाचलं. यात विशेष ते काय, आणि 'निवाडा' हा शब्द बरोबर आहे का?

दोन्ही शब्द फसवे आहेत. निवाडा न्यायाधीश करतो, ज्यूरी देते तो कौल. नानावटी खटल्याबद्दल बोलताना 'ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला' असंच आपण म्हणतो.

आणि 'विशेष' म्हणजे इथे खास किंवा असाधारण नव्हे. एरवी ज्यूरी एकदाच सांगून मोकळी होते: वादी जिंकला, त्याला इतके डॉलर द्या. का, ते विचारायचं नाही. हा सरसकट कौल. दुसरी रीत संघीय दिवाणी नियमावलीच्या नियम 49 मध्ये आहे. न्यायाधीश ज्यूरीच्या हाती लेखी प्रश्नांचा कागद देतो. ज्यूरीने फक्त काय घडलं ते ठरवायचं. त्याला कायदा लावून हुकूमनामा काढायचं काम न्यायाधीशाचं.

गुपिताच्या खटल्यात प्रश्न साधारण असे: ही माहिती वादीची होती का? गुप्त राहिल्यामुळे तिला मोल होतं का? ती फुटू नये म्हणून त्याने वाजवी काळजी घेतली का? प्रतिवादीने ती गैरमार्गाने मिळवली किंवा वापरली का? मधे मधे सूचना असते: उत्तर 'नाही' असेल तर इथेच थांबा, सही करा. म्हणजे वादीने काळजीच घेतली नव्हती असं ठरलं, की चोरीपर्यंत गाडी जातच नाही. शेवटी नुकसान किती, आणि हे जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलं का? तिथे 'होय' आलं तर 2016 च्या संघीय कायद्याखाली न्यायालय भरपाईच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम लावू शकतं.

गुपितं अनेक असली की या रीतीचा खरा उपयोग कळतो. ब्रॅट्झ बाहुल्यांवरून मॅटेल आणि एमजीए या खेळण्यांच्या कंपन्या भांडल्या, तेव्हा 2011 साली कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीपुढे एमजीएची 114 गुपितं होती. त्यांपैकी 26 मॅटेलने लाटली असं ठरलं आणि भरपाई 8 कोटी 85 लाख डॉलर. सरसकट कौलात कुठली 26, हे कधीच कळलं नसतं. (2013 मध्ये अपिलात हा भाग उडाला, पण कारण वेगळंच: एमजीएचा हा दावा त्या खटल्यात बसतच नव्हता.)

माझ्या मते याला 'मुद्देवार कौल' म्हणावं. आपल्या दिवाणी निकालपत्रांत 'मुद्दे' आणि 'निष्कर्ष' हे रकाने असतातच, समोर 'होय' किंवा 'नाही'. शिवाय कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतानाही होय-नाहीत उत्तर येईल असाच प्रश्न घालावा लागतो. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार. 'विशेष'पेक्षा हे कितीतरी जवळचं.

नियम 49 मध्ये आणखी एक मधला प्रकार आहे: कौल सरसकट, पण जोडीला काही लेखी प्रश्नांची उत्तरं. त्याला 'प्रश्नोत्तरांसह सरसकट कौल' म्हणता येईल. लांबलचक आहे खरं, पण 'general verdict with answers to written questions' हे मूळ इंग्रजी नावही काही आखूड नाही.